आजोळ न विचारणारा पाहुणा

योगराज मावशीच्या दारात पोचला तेव्हा मावशी आनंदात होती, आणि तो आनंदच त्याला खटकला.

एरवी सरलाबाई आनंदात असायला त्याची काही हरकत नव्हती. नवरा भिकन सुरतेच्या पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये, आयुष्य झिजवून गेला. त्यानंतर या बाईने लिंबायतच्या दोन खोल्यांत बसून साड्यांचे लोंबते धागे कापले, एकुलत्या एका पोराला वाढवलं आणि फौजेत धाडलं. तिने हसावं, बोलावं, मिरवावं, तेवढं थोडंच. पण साल नव्याण्णव होतं, महिना जूनचा, टीव्हीवर रोज कारगिलचे डोंगर दिसत होते, आणि तिचा कुंदन एका पायदळ पलटणीत शिपाई होता. अशा दिवसांत फौजीच्या आईच्या घरी दार अर्धं लोटलेलं असतं आणि रेडिओ चालू असतो. इथे दार सताड उघडं, रेडिओ बंद, आणि मावशीने ठेवणीतली साडी काढून खाटेवर पसरलेली.

‘ये बापा, ये. बरा टाइमवर ऊना तू,’ ती म्हणाली. ‘कुंदननी सोयरीक जमी ऱ्हायनी. त्याले फोनवर सांगीबी दिधं.’

योगराजने पिशवी खाली ठेवली. तो आला होता वेगळ्याच कामाला. मावशीकडे अंघोळ करावी, दोन घास खावेत आणि पांडेसऱ्याला निघावं, एवढाच त्याचा बेत होता. पण सोयरीक हा शब्द ऐकला आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली, कारण पांडेसऱ्याचं कामही एका सोयरिकीचंच होतं.

योगराज हवालदार होता, सैन्याच्या गुप्तवार्ता तुकडीत. घरच्यांच्या लेखी तो फौजेतला कारकून. त्याची आई सगळीकडे तसंच सांगायची आणि त्यानेही कधी ते खोडून काढलं नाही. लोकांना गुप्तवार्ता म्हटलं की गॉगल लावलेला माणूस आणि मागे धावणारी मोटार दिसते. योगराजच्या तुकडीत मोटार एकच होती आणि ती बहुतेक वेळा गॅरेजात असायची. बाकी टेबलं, टेलिफोन, करकरणारे पंखे, आणि कानावर आलेली गोष्ट खरी की खोटी यात जन्म घालवणारी माणसं. पलटण जेव्हा डोंगर चढायला लागते तेव्हा वर शत्रू किती आहे, त्याचं पाणी कुठून येतं, तो थकलाय की ताजा आहे, हे तिला कुणीतरी आधी सांगितलेलं असावं लागतं. नाहीतर जवान नुसते मरायला चढतात. ते सांगणारे हे लोक. आणि आपली पलटण कुठून, कधी चढणार हे समोरच्याला कळू न देणं हेही त्याच कामाचं दुसरं अंग. योगराज या दुसऱ्या अंगात मुरलेला होता. आपल्या कामाचा त्याला अभिमान होता, आणि तो कुणाला सांगता येत नाही याचं थोडं दुःखही होतं. पण थोडंच.

आठवड्यामागे तोफखान्यातल्या विकास नावाच्या एका जवानाने आपल्या साहेबाला सांगितलं होतं की सुरतेला, पांडेसऱ्यात, त्याच्या आईकडे एक माणूस लग्नाचं स्थळ घेऊन आला होता आणि तो काहीबाही विचारत होता. गोष्ट एवढीशी. पण फिरत फिरत ती योगराजच्या कॅप्टनसाहेबांच्या टेबलावर आली. साहेब म्हणाले होते, ‘तेरे मुलुक के लोग हैं. जाकर देख.’

आता तो मावशीच्या खाटेवर बसला आणि जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाला, ‘कोणं स्थळ शे, मावशी?’

मावशीला एवढंच हवं होतं. तिने कात्री आणि साडीचा गठ्ठा बाजूला सारला आणि सुरुवात केली. मुलगी सुरतेजवळच्या कडोदऱ्याची, नाव स्वाती, बी.ए. झालेली. स्थळ घेऊन तिचा सख्खा मामाच आला होता, श्रीरंग नावाचा. मूळ गाव साक्रीकडचं, आता कडोदऱ्यात स्वतःचे लूम, म्हणजे यंत्रमाग. भुवईत जुन्या जखमेची खाच आहे, पण माणूस देखणा. येताना नानखटाईचा पुडा घेऊन आला. बोलणं असं शुद्ध, की पुस्तक वाचतोय.

‘कितला चांगला माणूस!’ मावशी म्हणाली. ‘हुंडानं नाव नही, जमीननं नाव नही. बठ्ठं कुंदननंच इचारं. तेबी कितली मायाथीन.’

‘काय काय इचारं?’

‘कोठे ऱ्हास, कसा ऱ्हास, खावाले बरं मियस का, थंडी वाजस का. आपली पोर देनी म्हनजे इचारनार नही का माणूस? मंग मी सांगं. म्हनलं, त्यास्नी पलटण आते वर चालनी. नवा बूट मिळनात, जाड कोट मिळना. पहिले मधमा थांबीसन हवानी सवय करतस म्हणे, आनी मंग वर जातस.’

योगराजने पाण्याचा तांब्या उचलला आणि नको असताना पाणी प्याला. हसतहसत, पदर सावरत, मावशीने पलटणीचा अर्धा कार्यक्रम सांगून टाकला होता. जाड कोट म्हणजे बर्फ. मधे थांबून सवय म्हणजे वर पोचायला किती अवधी लागणार ते कुणालाही मोजता येतं. कुंदनची पलटण कुठून निघाली हे त्या माणसाने आधीच विचारलं असणार. माहितीच्या एवढ्या तुकड्यांवरून योगराजने स्वतः समोरच्या पलटणीचा ठावठिकाणा सांगितला असता, आणि बहुतेक बरोबर सांगितला असता. पलीकडेही कुणीतरी योगराज असणारच. तोही टेबलाशी बसून जोडाजोड करत असेल.

पण हे सगळं तो माणूस खोटा असेल तर. खरा असेल तर?

‘मावशी,’ तो म्हणाला, ‘त्याने कुंदननं आजोळ इचारं का?’

मावशी बोलता बोलता थांबली.

हा प्रश्न काय आहे हे खानदेशी माणसाला सांगावं लागत नाही. स्थळ आलं की पहिला प्रश्न गाव कुठलं आणि दुसरा आजोळ कुठलं. मामाचं आडनाव कळल्याशिवाय, कुळी जुळते की आड येते हे पाहिल्याशिवाय गूळसुद्धा पुढे करत नाहीत. शिवाय खरी चौकशी मुलाच्या घरी येऊन कधी करत नाहीत. ती होते पिठाच्या गिरणीवर, न्हाव्याकडे, मुलाच्या मामाच्या गावात, आणि घरच्यांना ती झाल्यावर कळते. हे सगळं लिंबायतमध्ये सर्वांत चांगलं कुणाला माहीत असेल तर ते सरलाबाईलाच. कितीतरी मुलींच्या बापांनी तिच्या सल्ल्याने स्थळं जमवली आणि मोडली होती. मुलगा पितो की नाही हे ती त्याच्या गल्लीतल्या शेवभांडारवाल्याकडून काढून आणायची. अशी बाई, आणि तिच्या घरी येऊन एक माणूस आजोळ न विचारता नानखटाई खाऊन गेला.

‘शहरना माणूस शे,’ मावशी म्हणाली. ‘त्यास्नामा इतलं नही ऱ्हास.’ आणि तिने कात्री परत हातात घेतली.

योगराजला तिचा राग आला नाही. त्याला वाईट वाटलं. तुकडीत नव्याने आलेल्या पोरांना तो जे पहिल्या दिवशी सांगायचा तेच इथे घडलं होतं: आपल्याला जी बातमी हवी असते ती दारात आली की आपण तिला काहीच विचारत नाही, सरळ पाट मांडतो. मावशीला सून हवी होती. मुलगा डोंगरावर असताना तिला लग्नाचा विचार करायचा होता, म्हणजे दुसरा विचार यायला जागाच राहू नये.

तो हिलालच्या एसटीडी बूथवर गेला. हिलाल त्याच्याच गावचा. फौजी माणूस साहेबाला फोन करायला आला की तो न सांगता बाहेर बाकावर जाऊन बसायचा. कॅप्टनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग फक्त विचारलं, ‘पक्का?’

‘साहेब, शक है.’

‘शक तो मेरे पास भी है. मैं ऊपर बताऊंगा तो पलटन का टाइम बदलेगा, पुलिस उठेगी. योगराज, पक्का बोल या मत बोल.’

साहेब बोलले ते अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच योगराजच्या गळ्याशी आलं. तो चुकला आणि श्रीरंग खरा निघाला, तर एका मुलीच्या मामाच्या दारात पोलीस जातील. ती सोयरीक योगराजने मोडली हे लिंबायतपासून नंदुरबारपर्यंत पसरेल आणि मावशी त्याला मरेपर्यंत दारात उभं करणार नाही. त्याने बोलायचं टाळलं आणि श्रीरंग खोटा निघाला, तर कुंदन आणि त्याच्याबरोबरचे जवान ज्या वाटेने चढतील त्या वाटेवर आधीच कुणीतरी वाट पाहत बसलेलं असेल. दोन्हीकडे मावशीच होती. ‘साहेब, उद्या सांगतो,’ असं मराठीतच म्हणून त्याने फोन ठेवला. साहेबांना ते समजलं.

मग तो रिक्षाने पांडेसऱ्याला गेला. विकासची आई सखुबाई हिंगोलीकडची. बांधकामावर वाळू चाळून तिचा आवाजही वाळूसारखा खरखरीत झाला होता. योगराजने विकासचा दोस्त म्हणून ओळख दिली. स्थळाचं नाव काढताच ती उखडली.

‘कसलं आलंय स्थळ,’ ती म्हणाली. ‘आजोळ इचारलं न्हाई, देवक इचारलं न्हाई, अन् मला म्हनं पोरगं कोनत्या तोफंवर हाय. मी म्हनलं, तुमच्या पोरीला तोफंसंगं नांदायचंय का पोरासंगं? च्या पाजला अन् लावला वाटंला.’

योगराजला हसू आवरेना. हसतच त्याने विचारलं, ‘कोण होता मुलीचा?’

‘चुलता म्हनत व्हता. भुवई फुटकी.’

‘आणि मुलीचं नाव?’

‘स्वाती.’

इथे त्याचं हसू थांबलं. लिंबायतमध्ये मामा आणि पांडेसऱ्यात चुलता, हिंगोलीकडच्यांना एक आणि खानदेशी माणसाला एक, आणि मुलगी मात्र तीच. पाट्या टाकल्यासारखं काम करणारा माणूस होता हा. दारं खूप फिरायची, म्हणून मुलीला निराळं नाव देण्याचेही कष्ट घेतले नव्हते. योगराजला एका क्षणी त्याची कीवही आली. मग त्याला कुंदन आठवला आणि कीव गेली.

परत येऊन त्याने मावशीला सगळं सांगितलं. आपण खरं काय काम करतो तेही सांगितलं, कारण त्याशिवाय बाकीचं सांगता येत नव्हतं. मावशी ऐकत राहिली. मग तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

‘तू तं फौजमा कागद हालावस म्हनीसन तुन्ही माय सांगस,’ ती म्हणाली. ‘आते एकदम मोठा साहेब? स्वात्या काय दुनियामा एकच शे का? भुवया फुटेल माणसं काय एकच शे?’

‘मावशी, मामाबी तोच आनी चुलताबी तोच?’

‘त्या बाईले ऐकू कमी येत व्हई.’

‘तिले तुन्हापेक्षा जास्त ऐकू येस.’

मावशी उठली, चुलीशी गेली, आणि काही न करता परत आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. तो उद्या दुपारी येणार आहे, ती म्हणाली, साखरपुड्याची तारीख धरायला, कुंदनला सुट्टी कधी ते विचारायला. योगराजला हेच हवं होतं. त्याने सांगितलं की त्या माणसाला हाकलायचं नाही, चहा द्यायचा, आणि पलटण वर न जाता खाली पंजाबातच थांबली आहे असं बोलण्यात येऊ द्यायचं. म्हणजे तो ती बातमी ज्याच्याकडे नेईल त्याच्यापर्यंत पोलिसांना जाता येईल, आणि पलीकडचा कुणी टेबलाशी बसलेला चुकीची जोडाजोड करेल.

मावशीने डोळे पुसले. ‘तुन्हं खोटं मी बोलसू,’ ती म्हणाली. ‘पन पहिले मी इचारसू. मन्ही पद्धतथीन. पोर खरी निंघनी, तं तुन्हं खोटं मी बोलाव नही. मंग तुन्हा साहेबले काय सांगानं ते तू पाह्य.’

‘आनी खोटी निंघनी तं?’

‘मंग माले शिकाडू नको.’

तुकडीच्या कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं. माणूस बिथरला असता, पळाला असता, सगळा डाव फिसकटला असता. पण योगराजने मान हलवली. इतकी वर्षं चौकशी करणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या मुलाच्या स्थळाची चौकशी करू नको असं तो कोणत्या तोंडाने सांगणार? आणि खरं तर त्याला तिच्यावर विश्वास होता. हिलालच्या बूथवरून त्याने साहेबांना कळवलं, ‘पक्का, साहेब,’ आणि साहेबांनी पुढचा प्रश्न न विचारता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीरंग आला. आजूबाजूच्या घरांतून लूमचा खडखडाट चालू होता, पंखा गरम वारा ढवळत होता. योगराज आतल्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यांमागे बसला होता. गल्लीच्या तोंडाशी साध्या कपड्यातले दोन पोलीस उसाचा रस पीत उभे होते. पडद्याच्या फटीतून योगराजला श्रीरंगचा गुडघा, नानखटाईचा पुडा आणि मावशीचा अर्धा चेहरा दिसत होता. तिने सगळ्यांत चांगल्या कपबशा काढल्या होत्या.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. स्वाती कशी आहे, बरी आहे. उन्हाळा फार आहे, फार आहे. मग श्रीरंगने अलगद विचारलं, ‘मग कुंदनरावांचा काही फोन? सुट्टीचं काय म्हणतात?’

‘सांगस, सांगस,’ मावशी म्हणाली. ‘पहिले मालेच एक सांगा, दादा. मांगना टाइमले इचारानं राही गयं. पोरनं आजोळ कोणतं?’

आत योगराज फटीजवळ सरकला.

‘आजोळ ना,’ श्रीरंग म्हणाला. ‘शिरपूरकडचं. मोठं घर आहे. शेतीवाडी, विहीर, सगळं.’

योगराजने डोळे मिटून घेतले. आपण काय बोललो हे त्या माणसाला कळलंसुद्धा नव्हतं. तो स्वतःला मुलीचा सख्खा मामा म्हणवत होता. मामाचं घर म्हणजेच आजोळ! आणि आपलं गाव त्याने साक्रीकडचं सांगितलं होतं. खरा मामा असता तर खदखदून हसला असता, म्हणाला असता, अहो बाई, मीच की मामा, आजोळ म्हणजे आमचंच घर. पण तो या घरी मामा होता की चुलता, हेच तो या क्षणी विसरला होता.

फटीतून दिसणारा मावशीचा अर्धा चेहरा योगराजने डोळे उघडून पाहिला. तो चेहरा कोसळला नाही. फक्त तिने पदराने बशी पुसली, पुसलेलीच बशी, आणि पुन्हा पुसली. योगराजला बाहेर जाऊन तिचा हात धरावासा वाटला. गेल्या काही दिवसांत तिने त्या न दिसलेल्या मुलीला घरात कुठे झोपवायचं, काय खाऊ घालायचं, धागे कापायला लावायचं की शिकवणीला पाठवायचं, सगळं ठरवलं असणार. ते सगळं ती त्या बशीत पुसत होती.

मग तिने किटली उचलली. ‘चाय ल्या अजून,’ ती म्हणाली, आणि लगोलग तिच्या आवाजात अशी कुरकुर आली की आतल्या योगराजचेही कान टवकारले. ‘सुट्टीनं काय सांगू, दादा! या पोऱ्यानं नशीबच फुटकं. तठे बठ्ठी दुनिया लढाले चालनी, आनी यास्नी पलटण पंजाबमा आडकाडी दिन्ही. म्हणे पुढे जागा नही. जाड कोट दिधेल व्हता, तो बी परत लिधा. कोट परत लिधा, सांगा! मन्हा पोऱ्या इतला रागे भरना. म्हणे, माय, आते आठे बसीसन भाजीपाला निवडानं काम शे.’

‘असं?’ श्रीरंगचा गुडघा हलायचा थांबला. ‘परत घेतले कोट? सगळ्यांचे?’

‘बठ्ठास्ना. आते माले सांगा, लगीनमा घालाले तरी तो कोट ऱ्हाता.’

कोटाचं योगराजने तिला शिकवलं नव्हतं. भाजीपाल्याचं तर त्याच्या डोक्यातही आलं नसतं. त्याने सांगितलेलं होतं एक कोरडं वाक्य, आणि मावशीने त्याचं गाऱ्हाणं केलं होतं. गाऱ्हाण्यावर कोण शंका घेतो? आणि समोरच्याला हवंही तेच होतं: पलटण अडकली, जवान रुसले, अजून वेळ आहे. श्रीरंगने पाट मांडून ती बातमी घेतली. त्याने आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, मावशीने दोन-तीनदा नशिबाला बोल लावला, आणि तो उठला तेव्हा इतका खूश होता की नानखटाईचा पुडा सोडायचाच राहिला.

‘तारीख लवकरच कळवतो, मावशी.’

‘कळवा,’ मावशी म्हणाली. ‘आनी स्वातीले सांगजा, सासू याद करी ऱ्हायनी.’

तो गल्लीच्या टोकाला पोचला तेव्हा रसाचे ग्लास गाड्यावर परत ठेवले गेले. त्यापुढचं काम पोलिसांचं होतं आणि ते त्यांनी चोख केलं. तो ज्याला भेटायचा तो कडोदऱ्याच्या हायवेवरच्या एका खोलीत सापडला. पण बातमी पुढे जाऊ दिल्यानंतरच. कुंदनच्या पलटणीची वेळ आणि वाट दोन्ही बदलल्याचं साहेबांनी योगराजला एका वाक्यात सांगितलं, आणि दुसऱ्या वाक्यात विचारलं, ‘वो कोट वाला आइडिया किसका था?’

‘लोकल सोर्स, साहेब,’ योगराज म्हणाला, आणि त्याची छाती अशी फुगली की बूथबाहेर बसलेला हिलालही वळून बघायला लागला.

तुकडीत परत जाण्याआधी तो मावशीकडे थांबला होता, तेव्हाच हिलालने हाक मारली. कुंदनचा फोन होता. फौजेच्या लाइनीवरून, मधेमधे तुटणारा, थोड्याच वेळाचा. मावशी चप्पल न घालता धावली. योगराज मागोमाग गेला. तिला त्याने आधीच बजावलं होतं की फोनवर यातलं एक अक्षर काढायचं नाही, कुणालाच नाही, कुंदनला तर नाहीच.

रिसीव्हर तिने दोन्ही हातांनी धरला. कुंदनचा आवाज इतका मोठा येत होता की योगराजलाही ऐकू जात होतं. बरा आहे. खातो, पितो. उद्यापासून काही दिवस फोन येणार नाही, काळजी करायची नाही. मग तो जरा थांबला आणि लाजत म्हणाला, ‘माय, पोरकडला काय म्हणतस? मी आठे बठ्ठास्ले सांगी दिधं. बठ्ठा माले नवरदेवच म्हणतस. काल भाकरीबी माले पहिले वाढी दिन्ही.’

मावशीने योगराजकडे पाहिलं. योगराजने नजर खाली वळवली.

‘चांगलं म्हणतस,’ मावशी म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. ‘पोर देखनी शे. मी स्वतः पाही उनू. तुन्हाइतलीच उंच.’

‘खरंच?’

‘मंग? आनी तुले पत्र लिखाले लाजस. तू ये, मंग बोलजो तिन्हासंगे.’

पलीकडून हसण्याचा आवाज आला. एकट्या कुंदनचा नव्हता. बाजूला आणखीही कुणी ऐकत असणार. मग खरखर झाली आणि लाइन तुटली.

मावशीने रिसीव्हर ठेवला आणि हिलालच्या बाकावर बसली. आता मात्र ती रडली, उघड, तोंड न झाकता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. हिलालने पाण्याचा ग्लास आणला आणि काही न विचारता तिच्या बाजूला ठेवला. योगराज तिच्या पायाशी उकिडवा बसला.

‘मावशी, त्याले नंतर मी सांगसू,’ तो म्हणाला. ‘ते काम मन्हं.’

‘नही,’ ती म्हणाली. पदराने तिने चेहरा पुसला. ‘मीच सांगसू. पन तो खाले येस तवलग स्वाती जित्ती ऱ्हावाले पाहिजे. तुन्ही तुकडीले सांगी ठेव, कोणी बोलानं नही.’

‘कोणी बोलाव नही, मावशी,’ योगराज म्हणाला, आणि तिला हात देऊन उठवलं.